उभ्या गाईवर सुरी

माण तालुक्यातल्या माझ्या मामांच्या खिलार गाईला शेपटीखाली नारळाएवढी गाठ आली होती. शेण टाकताना ती पाठ वाकवून कळवळायची. दहिवडीहून पशुवैद्य बाई येऊन गाठ काढणार हे कळलं आणि मी साताऱ्याहून पहिली एसटी पकडली.

पोहोचले तर अंगणात गाय आडवी! मामांनी गल्लीतले गडी जमवून तिला दोरांनी पाडली होती. चारी पाय बांधलेले, एक जण मानेवर बसलेला. खुराला पत्री ठोकायची असो की काही कापायचं असो, जनावर आधी पाडायचं, हीच आमच्याकडची रीत. दुखलं तर दुखू दे! माझं डोकंच फिरलं.

"मामा, फौजेत असताना तुमचं ऑपरेशन झालं, तेव्हा मिलिटरीच्या दवाखान्यात तुम्हाला असं बांधून कापलं होतं का?"

"बांधतील कशाला?" मामी म्हणाली. "सुई बघूनच ह्यांना चक्कर आलती."

तेवढ्यात बाई आल्या. "सोडा तिला. मला उभी गाय हवी."

मामा हसले. "आवं मॅडम, खिलार हाय ती! उभ्या गाईवर सुरी लावशिला, तर लाथंनं थेट दहिवडीत पोचवंल तुमास्नी."

बाईही हसल्या. शेपटीच्या मुळाशी, मणक्याच्या सांध्यात औषध द्यायचं. तेवढाच भाग बधिर होतो, पाय शाबूत राहतात, असं त्यांनी सांगितलं. मामांचं हसू मावळलं.

"मणक्यात? आन् मागनं लुळी पडली तर? हातानं पाजून वाढवलीय मी तिला."

"दुखणार न्हाई म्हणत्यात नव्हं?" मामी म्हणाली. "मग करू द्या."

गाय उभी केली. बाईंनी हापशाच्या दांड्यासारखी शेपटी वरखाली हलवत बोटाने सांधा शोधला आणि सुई घातली. थोड्याच वेळात शेपटी दोरीसारखी लोंबली. मामांना राहवेना. अडलेल्या बैलाची पिरगाळतात तशी त्यांनी ती पिरगाळली. गाय ढिम्म!

"गेली! लुळी केलीसा माझी गाय!"

"मामा, शेपटी सोडा, पाय बघा," मी म्हणाले.

गाय निवांतपणे एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. बाईंनी सुरी लावली. मामांनी डोळे मिटले. आणि गाईने काय करावं? मान लांबवून मामीच्या हातातला कडबा ओढला! मागे गाठ सुटत होती, पुढे गाय खात होती. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मुक्या जिवाला बोलता येत नाही म्हणून दुखणं सोसायला लावायचं, ही रीत त्या अंगणात माझ्यासमोर मोडून पडली होती.

टाके घालून बाई गेल्या. मामा मात्र जेवायलाही उठले नाहीत. गाईच्या मागे, शेपटीकडे टक लावून बसले. उन्हं कलली, तेव्हा गाईच्या पाठीवर माशी बसली आणि शेपटीचा फटकारा सणकन मामांच्या तोंडावर बसला.

"हाल्ली!" गाल चोळत मामा ओरडले. "आगं, भाईर ये! हाल्ली!"