मास्तरांनी फोन घेतला

बसच्या कंडक्टरला ड्रायव्हर मंडळी 'मास्तर' म्हणतात, मग कंडक्टर बाई का असेना. या मास्तर बाईच होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, तिकिटाचं मशीन पोटावर, आणि आवाज असा की 'पुढे सरका' म्हटलं की मागच्या सीटवर पेंगणारा माणूससुद्धा दचकून पुढे सरकायचा. घरीही त्यांना मास्तर म्हणणारा एक माणूस होता, त्यांचा नवरा. ते त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर होते आणि मास्तर त्यांना पायलट म्हणायच्या.

पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर, मधे माणसांची भिंत. बोलायचं कसं? घंटीच्या दोरीने. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एवढ्याच शब्दांवर या दोघांचा संसार चाललाय, असं डेपोतले लोक गमतीने म्हणायचे. पण त्या दोन शब्दांत मास्तर काय काय बोलायच्या! सकाळी घरून भांडून निघालेल्या असल्या की डबल बेल अशी खणकन पडायची की पायलट वरच्या आरशात बघून एक कान पकडायचे. राग गेला की टोले हळू, एकमेकांना चिकटून यायचे. प्रवाशांना यातलं काही कळत नसे. त्यांना गाडी सुटल्याशी मतलब.

मग एका सकाळी दात घासता घासता पायलट खाली बसले, ते आपल्या पायांनी उठलेच नाहीत. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोकं मात्र पहिल्यासारखं लख्ख. सगळं समजायचं, आणि समजूनही बोलता येत नाही याचा संताप डोळ्यांत मावायचा नाही. डेपोच्या वर्कशॉपमधला मिस्त्री एके दिवशी भंगारात निघालेल्या गाडीची घंटी घेऊन आला आणि त्याने ती पलंगाच्या डाव्या अंगाला स्क्रूने पक्की बसवून दिली. "पायलट, आता मास्तर तुम्ही," तो म्हणाला. आजारपणानंतर पायलट त्या दिवशी पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने. तेव्हापासून घरात हीच भाषा झाली. एक टोला म्हणजे नाही, दोन म्हणजे हो.

रजा संपली तशा मास्तर कामावर परतल्या. वरच्या मजल्यावर त्यांची नणंद राहायची. ती दिवसभर येऊन-जाऊन भावाकडे बघायची, त्याला जेवू घालायची. मनाने मोठी बाई, पण सल्ला दिल्याशिवाय तिला अन्न पचत नसे.

"वहिनी, सोडा आता ती नोकरी. घरात माणूस असा पडलेला आणि तुम्ही आपल्या गावभर फिरताय."

"गावभर नाही वन्सं, ठरलेल्या रूटवरच फिरते," मास्तर म्हणायच्या.

खरं सांगायचं तर मास्तरांना नोकरी आवडायची. बाईमाणसाने नोकरी करावी ती गरजेपोटी, आवडते म्हणून नव्हे, असं मानणारे महाभाग अजून आहेत आणि त्यातले निम्मे रोज फुकटचे सल्ले द्यायला बसमध्ये भेटतात. मास्तर त्यांनाही सुट्टे पैसे मागून गप्प करायच्या. गर्दीतून वाट काढणं, रुसलेल्या पोराला खिडकी मिळवून देणं, उतरणाऱ्या म्हातारीचा हात सुटेपर्यंत दोरीला हात न लावणं, यात त्यांचा जीव रमायचा. आणि ती गाडी त्यांच्या पायलटची होती. दुसऱ्या कुणी तिथे दोरी ओढावी हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

गाडी शेवटच्या थांब्यावर विसावली की त्या जुन्या, बटणांच्या फोनवरून घरी फोन लावायच्या. पायलट डाव्या अंगठ्याने बटण दाबून फोन घंटीजवळ ठेवायचे. "जेवलात?" टण टण. "गोळी घेतली?" टण टण. "कुठे दुखतंय का?" टण. झालं, मास्तरांच्या जिवात जीव यायचा.

एक दिवस मात्र पायलटनी स्वतःहून फोन केला.

"पडलात का?" टण.

"वन्संना पाठवू?" टण.

"छातीत दुखतंय?" टण.

"गॅसचा वास येतोय?" टण.

"अहो, मग झालंय तरी काय?"

याचं उत्तर एका टोल्यात नव्हतं आणि दोन टोल्यांतही नव्हतं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. पण भरलेली गाडी सोडून जायचं नसतं. परतीच्या फेरीत त्यांनी एकाच माणसाला दोनदा तिकीट विचारलं, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. डेपोत मशीन जमा करून त्या धावत घरी आल्या. पायलट उशीला टेकून बसले होते, धडधाकट. डाव्या हाताने कपाटाच्या खालच्या फळीकडे बोट दाखवत होते. तिथे घडी घालून ठेवलेल्या त्यांच्या खाकी वर्दीवर शेजारची मांजर व्याली होती. तीन पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. पायलटना ती फक्त मास्तरांना दाखवायची होती.

मास्तर जमिनीवर फतकल मारून बसल्या. हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. पण एवढीशी गोष्ट सांगायला आपल्या माणसाला अख्खी दुपार तळमळावं लागलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "पायलट, सोडू का नोकरी?"

पायलटनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ना एक टोला, ना दोन.

मास्तरांनी नोकरी सोडायचा विचार डेपो मॅनेजरच्या कानावर घातला. त्यांनी नरमाईनेच सांगितलं, "मास्तर, काय ते पुढच्या सोमवारपर्यंत सांगा. दुसरा माणूस द्यायचा तर मला तयारी करावी लागेल." मास्तर बरं म्हणाल्या. मनाशी मात्र ठरवून टाकलं, त्याआधी एक प्रयत्न करून बघायचा. चेहरा दिसणारा फोन घ्यायचा. दिसला माणूस दुपारच्या दुपारी, तर नोकरी. नाही दिसला, तर दोरी सोडायची.

लोक आधी फोन घेतात आणि मग रेंज शोधत गच्चीवर फिरतात. मास्तर उलट्या बाजूने निघाल्या. आजवर बसमध्ये 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का' असा आरडाओरडा ऐकून त्यांचे कान किटले होते. आता त्यांनी तेच कान टवकारले. कुठल्या वळणावर कोण ओरडतं आणि कोण निवांत बोलत राहतं, हे बघायचं आणि तिकीट देताना विचारायचं, "कुठे जायचंय? आणि सिम कुठल्या कंपनीचं?"

"का? त्यावर तिकीट ठरणार की काय आता?" एका आजोबांनी विचारलं.

सगळा घोळ होता तो शेवटच्या थांब्यावर. तिथे पाण्याची भलीमोठी टाकी होती आणि तिच्या आडोशाला भल्याभल्यांचे फोन मुके व्हायचे. ज्या कंपनीच्या जाहिराती गावभर लागल्या होत्या, तिचे लोक तर हात वर करून उभे राहायचे. पण एक मुलगी रोज तिथे उतरेपर्यंत फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडायची आणि तिचं भांडण एकदाही तुटत नसे. मास्तर तिच्यापाशी गेल्या. "ताई, भांडण आवरलं की सांगा, सिम कुठलं?" मुलगी इतकी चकित झाली की भांडण अर्धवट टाकून तिने सांगून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी मास्तर फोनच्या दुकानात गेल्या. दुकानदार हौशी होता. त्याने काचेवर ओळीने फोन मांडले आणि एकेकाचं गुणगान सुरू केलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उजवा हात खिशात घाला."

"काय?"

"उजवा हात खिशात. आणि नुसत्या डाव्या हाताने फोन उचलून दाखवा. आलेला फोन घ्यायचा, दिसतंय का बघायचं, बंद करायचा."

दुकानदाराला आधी गंमत वाटली. सर्वांत महागडा फोन त्याच्या डाव्या हातातून निसटला आणि त्याने तो छातीवर कसाबसा अडवला. दुसऱ्यावर अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचेना. तिसरा जमला. तोवर त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि हसू मावळलं होतं. "घरी कुणी आहे का असं?" त्याने हळूच विचारलं. मास्तरांनी सांगितलं. त्यानंतर तो विकायचं विसरला आणि स्वतःहून हात खिशात घालून आणखी चार फोन डाव्या हाताने चालवून बघत बसला.

चांगल्या कॅमेऱ्याचा, मोठ्या पडद्याचा फोन पायलटसाठी ठरला. स्वतःसाठी मास्तरांनी कुणीतरी वापरलेला एक घेतला. त्याची एकच परीक्षा, स्पीकर. बसच्या इंजिनवर मात करून ऐकू आला पाहिजे.

"आता प्लॅन," दुकानदार म्हणाला. "हा घ्या. दिवसभर बोला, कितीही बोला, सगळं फुकट."

"आमच्याकडे बोलायचंच राहिलं नाही हो," मास्तर म्हणाल्या आणि त्यांचा तो दणदणीत आवाज एकदम बसला. "बघायचंय."

दुकानदाराने ते पत्रक बाजूला सारलं आणि रोज ठरावीक डेटा मिळणारा प्लॅन दाखवला. रोजच्या एका फेरीच्या बोलण्याला, म्हणजे बघण्याला, तो पुरून उरेल असं त्याने हिशेब करून सांगितलं. सिम मास्तरांनी भांडणाऱ्या मुलीच्याच कंपनीचं घेतलं. फोन उभा ठेवायला मिस्त्रीने पलंगाला बसच्या आतल्या आरशाचा दांडा ठोकून दिला. ज्या आरशात पायलट मास्तरांना बघायचे, त्याच्याच जागी आता फोन बसला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. शेवटच्या थांब्यावर मास्तरांनी फोन लावला, पायलटचं अर्धं कपाळ दिसलं, आणि चित्र जे गोठलं ते गोठलंच. मधोमध एक चक्र गरगरत राहिलं. मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. घरी येऊन बघतात तर नणंदबाई पदर पिळत उभ्या.

"वहिनी, मी आपली जरा मालिका बघत होते याच्या फोनवर. याचीही करमणूक होईल म्हणून."

"किती भाग बघितले?"

"सगळे."

दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपला होता. पायलटनी डोळे मिटून एक टोला दिला, त्यांची करमणूक झाली नव्हती. मास्तर रागावल्या नाहीत. "खुशाल बघा वन्सं, पण माझा फोन येऊन गेल्यावर," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नणंद त्या फोनवर अशी पहारा देत बसली की कुणी त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे वटारायची.

तो दुसरा दिवस रविवारचा होता. सोमवार उंबरठ्यावर. गाडी टाकीच्या आडोशाला उभी राहिली. नवा ड्रायव्हर चहा पिऊन आपल्या जागेवर येऊन बसला, परतीचे प्रवासी बसले, इंजिन घरघरू लागलं. मास्तर पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला.

पायलट दिसले. पूर्ण दिसले. दाढी केलेली, आणि छातीवर तिन्ही पिल्लं. डोळे उघडले होते त्यांचे. मास्तरांनी काही विचारायच्या आत पायलटनी डाव्या हाताने एक पिल्लू उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. एवढं जवळ, की पडदाभर नुसत्या मिशाच. मास्तर खदखदून हसल्या. सगळी गाडी वळून बघायला लागली.

"थांबा, आता माझी पाळी," असं म्हणून त्यांनी फोन फिरवला आणि समोरच्या काचेकडे धरला. टाकी, तिच्यापुढचं वळण, मग सरळ उताराचा रस्ता. पायलटनी आयुष्यभर चालवलेला. मास्तरांनी वाकून पडद्यात बघितलं. पायलटची नजर रस्त्यावर खिळली होती आणि पांघरुणाखाली त्यांचा डावा पाय हळूच दाबला जात होता. क्लच. मास्तरांनी फोन पुन्हा आपल्याकडे वळवला.

"पायलट," त्या म्हणाल्या, "उद्या साहेबांना सांगायचंय. त्या दिवशी विचारलं तेव्हा तोंड फिरवलंत. आता मला दिसतंय, तोंड फिरवायचं नाही. काय सांगू? चालू ठेवू नोकरी?"

पायलटचा डावा हात पडद्याबाहेर गेला.

टण टण.

हळू नाही, चिकटून नाही. खणकन. स्पीकर पारखून घेतलेला, त्यामुळे आवाज गाडीभर घुमला. नव्या ड्रायव्हरने सवयीने ब्रेक सोडला, गिअर टाकला आणि गाडी निघाली. मास्तर दांडा धरून कशाबशा सावरल्या. त्यांचा हात तर दोरीला लागलाही नव्हता. ड्रायव्हरच्याही ते लक्षात आलं आणि त्याने गोंधळून मागे बघितलं.

"मास्तर, डबल दिलीत ना?"

मास्तरांनी डोळे पुसले. पडद्यावर पायलट अर्ध्या तोंडाने हसत होते, छातीवर पिल्लं लोळत होती.

"दिली," मास्तर म्हणाल्या. "ज्यांनी द्यायची त्यांनीच दिली. चला."