शेवटचं विसळण

"हात पुढे कर," सर म्हणाले. मी केले. त्यांनी वाकून माझे हात हुंगले आणि नाकाला रुमाल लावला.

"ह्याच हातांनी नळ्या धुतेस ना? म्हणून आत घाण येते."

शिकणारी पोरं हसली. मी हात पदराखाली घेतले. दोन लेकरांची आई होते मी.

ऐंशीनंतरची गोष्ट. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायची. तिथं माणसाच्या पेशी बाटलीत वाढवायचे. मग त्या फोडायच्या, यंत्रात गरगर फिरवायच्या आणि आतले अगदी बारीक कण वेगळे काढायचे. पण त्या कणांत पेशीतलाच दुसरा भाग मिसळायचा. मायटोकॉन्ड्रिया म्हणायचे त्याला. सर म्हणत ती घाण हीच. मिसळला की सगळी मेहनत मोरीत. त्या पेशी कोणाच्या, बाईच्या का बाप्याच्या, कुठल्या जातीच्या, कोणी विचारत नव्हतं. पोटच्या पोरासारख्या जपायचे.

माझी जात मात्र सगळ्यांना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी नियम झाला. घासायचं मी. शुद्ध पाण्यानं शेवटचं विसळायचं शिपायानं. मगच नळ्या आत जायच्या.

"रागवू नको, बाई," शिपाई म्हणाला. "आमच्या घरी पण कामवालीनं घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडूनच आत घेतात."

"तुझ्या घरी धुवायला येतं तरी कोण?" मी म्हटलं.

"तोंड लय चालतं तुझं!"

शिपायानं विसळूनही भेसळ थांबली नाही. एकदा तिथली शिकणारी मुलगी मोरीपाशी आली. हळूच म्हणाली, "मावशी, तुमची चूक नव्हती. पहिल्यांदा फिरवताना पेशीतला तो भाग तळाला बसतच नव्हता. वरच्या पाण्यात राहायचा."

"सरांना सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

ती आत निघून गेली. नियम तसाच राहिला.

काच उजेडाकडे धरून बघायचं काम मला आवडायचं. जन्मात तेवढं एकच काम आवडलं. तरी मी सरांच्या दारात गेले.

"शेवटचं पाणी मीच ओतणार. नाहीतर काचेला हात लावणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

नाही गेले. नवरा म्हणाला, "शिपाई पाणीच ओतत होता ना? तुझं काय जात होतं?" काय जात होतं ते त्याला सांगता आलं नाही. तो मेला, तेव्हाही सांगायचं राहिलंच होतं. मी बांधकामावर विटा वाहिल्या. पाठ गेली. रडले ते फक्त त्या काचेच्या कामासाठी.

सर कधी चुकलं म्हणाले नाहीत. मीही वाट बघितली नाही. मी केलेलं काम माझ्या जातीपायी कोणी धुऊन घेणार असेल, तर तिथं मी करणार नाही. उपाशी राहीन. राहिले आहे.

हे दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं नाही. माझं आहे. मी मनमाडच्या हमालाची लेक, बौद्ध, चौथी शिकलेली.