नाहूरच्या खुर्चीतून अंधेरीला हुकूम

नाहूर स्टेशनच्या पूर्वेला गेल्या काही वर्षांत जेवढ्या गोष्टी जागच्या हलल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या मित्राच्या आत्याने खुर्चीतून न उठता हलवल्या आहेत. उरलेल्या निम्म्या ज्यांनी हलवायच्या होत्या त्यांच्याबद्दल मी बोलायला लागले तर हा लेख राहणार नाही, पत्रक होईल, आणि पत्रकं मी पुरेशी लिहिली आहेत. तर आत्या. खरं म्हणजे ती तुषारची आत्या, पण मैदान वाचवायला आम्ही जी समिती काढली, तिच्यात सगळेच तिला आत्या म्हणतात आणि अगंतुगं करतात, कारण पहिल्याच दिवशी मी "अहो आत्या" म्हटलं तेव्हा "अहो कुणाला? मी काय तुझी सासू आहे?" असं विचारून तिने तो विषय कायमचा मिटवला. एका खाजगी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून ती निवृत्त झाली आणि भावाच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत तिची प्रतिष्ठापना झाली. राज्य तिथून चालतं. खाली भाजीवाला आला की दोरीला बांधलेली पिशवी खाली जाते, मेथी वर येते, मेथी पिवळी निघाली तर तीच पिशवी त्याच वेगाने परत खाली जाते आणि तिच्या मागोमाग "ही बकरीक घाल, माका नको!" असा आवाज. पंख्याचं बटण कपडे वाळत घालायच्या काठीने. कुकरच्या शिट्ट्या पुरेशा झाल्या की आत्या वहिनीला, म्हणजे तुषारच्या आईला, फोन लावते. दोघींच्या मध्ये फक्त भिंत. आत फोन वाजतो, काकू उचलतात, "बोला वन्सं" म्हणतात, आणि आत्या सांगते, "गॅस बंद कर गो." मी एकदा न राहवून म्हटलं, "आत्या, अगं स्वयंपाकघर इथेच तर आहे." "असू दे ना," ती म्हणाली. "दर वेळी उठायला लागतं म्हणजे मांडणीत चूक आहे. मांडणी सुधार, माणसाला कशाला पळवतेस?"

माझ्या पत्रकांशी तिचं जुनं वैर आहे. मी "बिल्डरधार्जिण्या धोरणाचा जाहीर निषेध" असं लिहून पुढे पाच उद्गारचिन्हं ठोकली होती. तिने कागद लांब धरला, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "एवढं ओरडायचंय तर खिडकीत जा ना. कागद कशाला फुकट घालवतेस?" मी चिडले. मी चिडते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्या शहरात मुलांच्या मैदानावर गाड्या ठेवायचा टॉवर बांधायची योजना निघते, तिथे न चिडणाऱ्याची तब्येत तपासून घ्यावी. पण चार उद्गारचिन्हं मी खोडली.

तिच्या आणखी एका हट्टाने मात्र आम्हाला सुरुवातीला जेरीस आणलं होतं. समितीची वेबसाइट काढायची ठरली तेव्हा मुलं म्हणाली, एखाद्या कंपनीकडे सगळं देऊन टाकू, दोन मिनिटांचं काम. आत्या कडाडली. "साइट कुठेही ठेवा. नाव दुसऱ्याच्या दारात ठेवायचं नाही!" मग तिने आम्हाला समोर बसवून समजावलं. इंटरनेटवर नाव वेगळं आणि पत्ता वेगळा. लोक नाव टाइप करतात. त्या नावाची साइट सध्या कुठल्या मशीनवर राहते हे सांगणारं आणखी एक मशीन असतं, ते नेम सर्व्हर. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं. आपण विचारायचं, कदम कुठे राहतात; त्याने सांगायचं, बी विंग, दुसरा मजला. "कदम उद्या ए विंगमध्ये गेले तर?" आत्याने विचारलं. "वॉचमन आपला असेल तर आपण त्याला सांगू. परक्याचा असेल तर तो सांगेल त्याच्या मर्जीने." राजकारणाची इतकी सोपी व्याख्या मला तोवर कुणी दिली नव्हती. त्याप्रमाणे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, तिच्याबरोबर नोकरी केलेल्या एका गृहस्थांच्या गाळ्यात, आमचा वॉचमन बसला. नाव-पत्त्यांची मूळ यादी आत्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर. अंधेरीचं मशीन दिवसातून एकदा ती मागवून घ्यायचं आणि जगाला सांगायचं. मध्येच घाई असली तर नाहूरहून त्याला "आत्ताच्या आत्ता माग" असा हुकूम देता यायचा. त्यासाठी एक प्रोग्राम असतो, आरएनडीसी नावाचा. आत्या त्याला सरळ रिमोट म्हणते. अंधेरीच्या मशीनमध्ये शिरायचे बाकीचे सगळे रस्ते तिने स्वतःच्या हाताने बंद करून टाकले होते. "कुणाला आत घ्यायचं नाही. अगदी मलासुद्धा. दारातून निरोप सांगायचा आणि निघायचं."

आणि घड्याळं! त्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत. मुंबईत हे पुष्कळ घरांत असतं, मान्य. पण तिथे बिचारं एखादं भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं. इथे मनगटावरचं पुढे, मायक्रोवेव्हचं पुढे, देवघरातलं पुढे. ती दहा मिनिटं पुढे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे सगळे मनात दहा मिनिटं वजा करतात, आत्यासुद्धा करते. "मग पुढे ठेवायची कशाला?" मी विचारलं. "म्हणून तर!" असं उत्तर मिळालं, आणि ते इतक्या ठामपणे मिळालं की मी पुढचा प्रश्न गिळला. जुन्या कॉम्प्युटरची वेळ तेवढी भावाने तिला कधी बदलू दिली नव्हती. यंदा तो कॉम्प्युटर कायमचा झोपला, भावाने नवा लॅपटॉप आणला, आणि पहिल्या तासाभरात तिने त्याची आपोआप वेळ लावायची सोय बंद करून टाकली.

हरकती घ्यायची मुदत ज्या दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होती, त्याच दिवशी सकाळी आमची साइट ज्या मशीनवर होती ते मेलं. मी मुद्दाम मेलं म्हणते. बंद पडलं म्हटलं की उठेल असं वाटतं. साइटवर लोकांनी हरकत लिहायची आणि बटण दाबलं की ती थेट महापालिकेच्या कार्यालयात जायची, अशी व्यवस्था होती. घरोघर वाटलेल्या पत्रकांवर, रिक्षांच्या पाठीवर, दुकानांच्या काचांवर तेच एक नाव छापलेलं. आठवडाभर सगळे "करू ना, शेवटच्या दिवशी करू" म्हणत होते आणि आज शेवटचा दिवस होता. हरकती थोड्या गेल्या तर टॉवर उभा राहणार, इतकं साधं गणित. तुषारने दुपारपर्यंत साइट दुसऱ्या मशीनवर उभी केली आणि नवा पत्ता आत्याच्या लॅपटॉपवर आणलेल्या मूळ यादीत भरला. पण अंधेरीचा वॉचमन अजून लोकांना जुन्या, मेलेल्या पत्त्यावर धाडत होता. तो नवी यादी मागवणार दुसऱ्या दिवशी. अंधेरीला जाऊन काही होण्यासारखं नव्हतं. गाळ्याचे मालक लग्नाला सावंतवाडीला, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"जायचंय कुणाला?" आत्या म्हणाली. "रिमोट आहे ना!"

रिमोट होता, पण नव्या लॅपटॉपवर तो बसवलेलाच नव्हता. आत्याने बाह्या सरसावल्या. टीव्हीचे, सेट-टॉप बॉक्सचे, मेलेल्या एसीचे असे सगळे रिमोट ज्या स्टीलच्या डब्यात ती ठेवते, त्यातून एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यात की होती, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. हीच माळ अंधेरीच्या मशीनकडेही होती. तुषारने प्रोग्राम बसवला. आता त्याच्या फाइलमध्ये तीन गोष्टी भरायच्या: कुठल्या मशीनशी बोलायचं, कुठल्या दारातून, आणि कुठल्या कीने. आत्या बोलत होती, तुषार टाइप करत होता. "कंस बंद कर. अर्धविराम दे. अरे मेल्या, कंसाच्या बाहेर पण दे!" आणि टाइप होता होता माझं प्रबोधन. "प्रत्येक हुकुमावर ह्या कीची सही होते. सहीखाली वेळ पडते. समोरचं मशीन सही बघतं, वेळ बघतं. वेळ जुळली नाही तर घेत नाही. का? तर उद्या कुणी आपला जुना हुकूम चोरून परत पाठवायला नको!" मी भारावून मान हलवली.

हुकूम गेला. अंधेरीने तोंडावर दार आपटलं.

पुन्हा गेला. पुन्हा आपटलं. आत्याने कंस मोजायला लावले, अर्धविराम मोजायला लावले. की पुसून नव्याने भरली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार वीस झाले होते. खालून आमच्याच समितीतले सावंतकाका ओरडत होते, "अरे साइट उघडत नाय! लोक घरी चालले!" तुषारचा चेहरा पडला. "वाट लागली," तो म्हणाला. "गप रव," आत्या म्हणाली, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. मैदानापेक्षाही त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मला त्यातलं काही कळत नाही. मला कागद वाचता येतो. अंधेरीने नकार देताना खाली कारणं लिहून पाठवली होती; ही दोघं ती न वाचताच कंस मोजत होती. मी सभेत ठराव वाचतात तशी ती मोठ्याने वाचायला लागले. की चुकीची असू शकते. तुम्हाला परवानगी नसू शकते. दोन्ही मशीनची घड्याळं जुळत नसू शकतात.

मी थांबले. हातातल्या फोनकडे बघितलं. चार दहा. लॅपटॉपकडे बघितलं. चार वीस.

"आत्या," मी म्हटलं, "तुझं घड्याळ."

"माझ्या घड्याळाक काय झाला?"

"ते पुढे आहे."

"ता चुकीचा नाय, पुढे असा!" आत्या उसळली. "माका शिकवतस काय गो?"

"तूच आत्ता शिकवलंस! वेळ जुळली नाही तर घेत नाही. आपण अंधेरीला दहा मिनिटांनंतरचे हुकूम पाठवतोय."

मग आत्याने अखेरचा बचाव मांडला. तो ज्या गांभीर्याने मांडला, ते मी कोर्टातसुद्धा पाहिलेलं नाही. "असं करू. अंधेरीचं दहा मिनिटं पुढे करू."

"त्याला आत शिरावं लागेल, आत्या," तुषार म्हणाला. "आणि आत शिरायचे रस्ते बंद कुणी केले?"

आत्याने लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढला. तोंड खिडकीकडे फिरवलं, जणू हे कृत्य बघायचंच नाही, आणि बोटाने चाचपत चाचपत वेळ बरोबर केली. कोपऱ्यात चार तेरा उमटले. "दहा मिनिटं मिळाली की रे!" तुषार ओरडला, आणि खरंच सांगते, सगळं माहीत असूनसुद्धा मलाही ती वरून बक्षीस पडल्यासारखी वाटली.

"विचार त्याला, जागा आहेस का," आत्या म्हणाली. तुषारने विचारलं. अंधेरीहून उत्तर आलं: सर्व्हर सुरू आहे, व्यवस्थित चालू आहे. नुसती एक ओळ. आयुष्यात मला इतक्या जणांनी इतकी आश्वासनं दिली. पाळलेलं पहिलं आश्वासन मला त्या ओळीत वाचायला मिळालं. "आता सांग, यादी माग." हुकूम गेला. दार उघडलं. मी फोनवर आमचं नाव टाइप केलं आणि समोर आमचं मैदान उघडलं: वरचा फोटो, खालचं लाल बटण, सगळं. आत्या खिडकीतून वाकली आणि अख्ख्या नाहूरला ऐकू जाईल अशी गर्जली, "सावंतांनू! बोलवा सगळ्यांका परत!" त्यानंतर ती म्हणाली, "झकास," आणि पाणी मागवायला तिने काकूंना फोन लावला.

हरकती आल्या. भसाभस आल्या. इमारतींतून आल्या, मागच्या चाळींतून आल्या, बुद्धविहारात जमलेल्या बायकांनी एका फोनवरून रांगेने भरल्या. पुढे सुनावणी लागली, प्रस्ताव फेरविचाराला परत गेला, आणि हे लिहीत असताना मैदान मैदान आहे. उद्गारचिन्ह देत नाही, पण इथे द्यायला हवं होतं.

मला मात्र त्या दिवशीची पाच वाजायच्या आधीची थोडी मिनिटं आठवत राहतात. गडबड ओसरली होती. आत्या म्हणाली, "हरकत कशी भरतात ती? मला पण भरायचीय." मी नेहमीचं सांगायला सुरुवात केली, की मुद्देसूद लिहायचं, नियमाचा आधार द्यायचा, भावनिक लिहायचं नाही. तिने ऐकून घेतलं आणि एका बोटाने टाइप केलं: "या मैदानात मी सायकल शिकले. तेव्हा माझं वय चौतीस होतं. मुलं हसली, पण पडायला मऊ जागा होती." आणि बटण दाबलं.

तुषारने तिच्या खांद्यावरून ते वाचलं. "आत्या, तू सायकल चालवायचीस?"

"चालवायचीस काय? मुलुंडपर्यंत जायचे. रविवारी."

"मग सोडलीस का?"

"गुडघे रे," ती म्हणाली. "मला विचारून थोडेच जातात."

खाली मैदानात लहान मोठ्या पोरांचा गलका होता. एक मुलगी मोठ्या माणसाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत होती, आणि सारखी चाकाकडे बघत होती. आत्या खिडकीत वाकली. "पुढे बघ गो! चाकाकडे नको, पुढे!" एवढ्या गलक्यात त्या मुलीला काही ऐकू गेलं नसावं. ती तशीच डगडगत लांबच्या कोपऱ्याकडे गेली. आत्याने पुन्हा हाक मारली नाही. गजांना धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत, तिच्याबरोबर थोडी थोडी उजवीकडे झुकत राहिली.