एका वेळी एकच डिस्क

धारूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारे रामेश्वर सर यांचा एकावन्न वर्षांच्या आयुष्यातला अनुभव असा की, सूचना लिहून द्यावी, वाचून दाखवावी, तरी समोरच्याने नेमके उलटेच करावे. त्या अनुभवात सर्वांत मोठी भर घातली ती त्यांच्या धाकट्या भावाने, हनुमानाने.

बारा वर्षे डोंगरकड्यांवरून हिंडून सरांनी मेंढपाळांच्या हाळ्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. कळप वळवायची हाळी वेगळी, पाण्यावर न्यायची वेगळी, आणि चुकलेल्या कोकराला बोलावायची तर घरोघरी निराळी. सहकारी त्यांना ‘मेंढरांचे प्राध्यापक’ म्हणत. हा ठेवा सांभाळायला एकही संस्था पुढे आली नाही, म्हणून तो सरांच्या घरी, वायफायला जोडलेल्या एका पेटीत होता. पेटीत दोन हार्ड डिस्क होत्या आणि दोन्हींवर सगळे ध्वनिमुद्रण सारखेच साठत असे, म्हणजे एक गेली तरी दुसरी उरावी. हाळ्या देणाऱ्यांपैकी अकरा जण आता हयात नव्हते.

डिस्क आठ वर्षे जुन्या झाल्या आणि पहिली धोक्याचा इशारा देऊ लागली, तेव्हा सरांनी दोन नव्या मागवल्या. पद्धत त्यांनी तीनदा वाचली होती. एका वेळी एकच डिस्क बदलायची. उरलेल्या जुन्या डिस्कवरचे सारे नवीवर उतरेपर्यंत, म्हणजे चौदा-पंधरा तास, दुसरीला हात लावायचा नाही. त्यांनी सकाळी पहिली बदलली. नेमकी त्याच दिवशी तेलगावला परीक्षेची ड्युटी लागली.

“हनुमान, लाइट गेली तर इन्व्हर्टर चालू आहे ना, एवढेच पाहायचे. बाकी काही करायचे नाही.”

“न्हाई करत, दादा. म्या काय लेकरू हाय का?”

दुपारी सर परतले तेव्हा पेटी बंद होती. शेजारी पाटावर दोन्ही जुन्या डिस्क ठेवलेल्या, आणि पेटीतल्या नव्या डिस्कच्या कडेला हळदकुंकवाची बोटे.

“हे काय?”

“तुमी एकच बदलून गेलते. दुसरी खोक्यात तशीच. म्हटलं, गडबडीत इसरले. म्या बसवली. मग पेटी लई बोंबलाया लागली, म्हणून बटन बंद केलं.”

“कावून बसवलीस?” संतापाच्या भरात सरांची प्रमाण भाषा सुटली.

“कावून म्हंजी? नवा बैल म्हाताऱ्यासंगं जुपतो का कुणी? जू एका अंगाला जातंय. जोडी बदलायची तर दोनीबी बदलाव्या. तुमचं शिक्षण लई, पर बैल तर मीच हाकतो.”

सरांनी मनात हिशेब मांडला. एक नवी अर्धवट भरलेली, दुसरी कोरी. संपूर्ण ध्वनिमुद्रण असलेली एकमेव धड डिस्क चालू पेटीतून ओढून काढलेली.

“बरं, गेलं तर गेलं,” हनुमान चाचरत म्हणाला. “दुसऱ्या जागी उतरवून ठेवलं असंल ना तुमी? पोरांना तर शिकवता, नोट्सच्या दोन प्रती ठेवा म्हणून.”

पद्धतीची पहिली ओळ तीच होती: आधी सगळ्याची वेगळी प्रत काढा, मग डिस्कला हात लावा. तिन्ही वेळा त्यांनी ती वाचली होती आणि तिन्ही वेळा मनात म्हटले होते की, दोन डिस्क आहेतच की.

पेटी बंद ठेवूनच त्यांनी दोन्ही नव्या डिस्क बाहेर काढल्या. सदोष डिस्कवर सकाळी पेन्सिलीने फुली केली होती, ती बाजूला ठेवली. बिनफुलीची मूळच्या खणात सरकवली आणि बटण दाबले. पेटी घुरघुरली, मग बराच वेळ नुसता दिवा लुकलुकत राहिला.

“लागली का?”

“गप्प बस.”

“आवाज बराबर येतोय.”

“हनुमान, ते मोटारीचे इंजिन नव्हे!”

पाऊण तासाने फोनवर हाळ्यांची यादी उघडली. सरांनी आधी साखराबाईंचे नाव शोधले. म्हातारी दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिची कोकराची हाळी खोलीत घुमली. चढत, चढत, आणि शेवटी एकदम खाली.

हनुमानाने टोपी काढली. “हिला मीच आणलं होतं तुमच्याकडं, दादा. माइक धरून माझा हात अवघडलता.”

“माहीत आहे.”

“मंग मला आधी सांगायचं ना, ह्या डिस्कात तिचं सारं हाय म्हणून. तुमी नुसतं म्हणता, हात लावू नको.”

सरांनी कपाटातून बाहेरून जोडायची एक डिस्क काढली, पेटीला लावली आणि प्रत उतरवायला सुरुवात केली. फोनवर ‘अकरा तास बाकी’ असे दिसत होते. नवी डिस्क त्यानंतर.

हनुमान इन्व्हर्टरजवळ पोते टाकून बसला.

“दादा, हे झाल्यावर दुसरी म्या बसवू?”

“नको.”

“पयली?”

“हनुमान!”

“बरं, बरं. बसतो नुसता.”