राज्य सरकार विरुद्ध एक लोखंडी भट्टी

क्लिओकाकांवर एकाहत्तर वर्षांत कुणी खटला भरला नव्हता, आणि नीट पाहिलं तर त्या वर्षीही भरला नाही. खटला भरला तो त्यांच्या भट्टीवर. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतून मिळालेल्या कागदावर ठळक अक्षरांत तसंच छापलं होतं: राज्य सरकार विरुद्ध एक लोखंडी भट्टी, दोन चाकांची. क्लिओफस रेनी हे नाव खाली कुठेतरी बारीक अक्षरांत, ‘वस्तूवर हक्क सांगणारी व्यक्ती’ म्हणून. ज्यानं ती भट्टी स्वतःच्या हातांनी जोडली, तो म्हणे हक्क सांगणारी व्यक्ती. तो कागद आमच्या गावात बऱ्याच जणांनी वाचला, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकानं हात पँटला पुसले.

काका रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर होते. सत्याऐंशी साली कारखान्यानं भंगारात काढलेली गॅसची मोठी टाकी त्यांनी घरी आणली, आडवी कापली, बिजागऱ्या लावल्या, एका अंगाला बॉयलरच्या जाड नळीची चूल जोडली आणि दुसऱ्या अंगाला धुराडं. खाली गाडीची दोन चाकं. पिकअपच्या मागे अडकवायची आणि ओढत न्यायची. डुकराचा अख्खा खांदा हिकरीच्या लाकडाच्या धुरावर दहा-बारा तास ठेवला की हाड नुसतं ओढलं तरी हातात येई. पुढे कारखाना बंद पडला, त्याबरोबर पेन्शनही गेली. तेव्हापासून दर शनिवारी पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत काका मांस-पावाची ताटं विकत, आणि त्यावर त्यांचं घर चाले. नुसतं भागे असं नाही, ऐटीत चाले.

पण भट्टी फक्त शनिवारची नव्हती. आमच्याकडे घरात माणूस गेलं की दफनानंतर सगळ्या गावाला जेवण असतं, आणि मांस भाजायचं ते घरच्या पुरुषांनीच. बायका आत रडतात. पुरुषांना तसं रडता येत नाही, म्हणून ते अंगणात चुलीपाशी लाकडं सरकवत बसतात. भट्टी ज्याची असेल त्यानं ती द्यायची आणि बाजूला व्हायचं. कोण नेतोय, कधी आणणार, काही विचारायचं नाही. ज्याच्या घरात प्रेत आहे त्याला प्रश्न विचारणं म्हणजे दारात थुंकण्यासारखं. भाडंही घ्यायचं नाही. भट्टी घासूनपुसून परत येते आणि तिच्यावर फॉइलनं झाकलेलं एक ताट असतं. चौतीस वर्षांत काकांनी ती कितीदा दिली ते त्यांनाच आठवत नव्हतं.

गावातला एमस पेटवे कॅन्सरनं गेला त्या दिवशी त्याचा पुतण्या मार्कस पिकअप घेऊन आला. डोळे सुजलेले. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, भट्टी गाडीला अडकवून दिली आणि घरात निघून गेले. रीत होती ती.

मार्कस तीन मैलही गेला नसेल. भट्टीच्या मागचा लाल दिवा लागत नाही म्हणून शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीतल्या हार्बिन नावाच्या शिपायानं त्याला रस्त्याकडेला घेतलं. गाडी तपासली. पुढच्या खणात कागदी रुमालात गुंडाळलेल्या एकोणीस गोळ्या मिळाल्या. त्या एमसच्याच होत्या, दुखणं मारायच्या. चुलतीनं उशाखालून काढून पोराच्या हातात दिल्या होत्या, औषधांच्या दुकानात परत टाक म्हणून. बाटली नाही, वरची चिठ्ठी नाही. हार्बिननं मार्कसला बेड्या घातल्या, पिकअप घेतली आणि भट्टीही घेतली. कागदावर लिहिलं की सदर भट्टीचा वापर अमली पदार्थांची वाहतूक लपवण्यासाठी होत होता. गोळ्या पुढच्या खणात, भट्टी मागे दहा फुटांवर आणि रिकामी. पण लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं?

दीड महिन्यानं मार्कसवरचा आरोप मागे घेतला गेला. डॉक्टरची चिठ्ठी सापडली, प्रकरण मिटलं. पिकअप बँकेच्या कर्जाची होती, तर बँकेनं एक पत्र पाठवून ती सोडवून घेतली. काका भट्टी आणायला गेले, तर कचेरीच्या खिडकीतल्या बाईनं हा खटल्याचा कागद पुढे सरकवला.

“पण पोरगा तर सुटला,” काका म्हणाले.

“तो सुटला, आजोबा. भट्टी नाही सुटली. तिची केस वेगळी.”

घरी येऊन त्यांनी कागद बहिणीपुढे टाकला. आयझोला त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, शेजारच्याच घरात राहणारी, जिभेला हाड नसलेली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला.

“भट्टीनं वकील केलाय का मग?”

“आयझोला, चेष्टा नको.”

“चेष्टा मी करतेय का? यांनी केलीये. उद्या माझ्या इस्त्रीला बेड्या घालतील.” तिनं कागद उलटा करून ठेवला. “वकील मिळेल ना सरकारी?”

“तो माणसावर आरोप असेल तर. वस्तूला मिळत नाही.”

“आणि आपण केला तर?”

“त्या पैशांत तीन भट्ट्या येतील.”

“मग घे ना तीन भट्ट्या.”

“त्या माझ्या नसतील,” काका म्हणाले. आयझोलानं चष्मा काढून डबीत ठेवला.

काका एकटेच कोर्टात जायला लागले. लग्नाचा सूट घालून, शर्टाचं वरचं बटण लावून. पहिल्या तारखेला सरकारी वकील आजारी. दुसऱ्या तारखेला हार्बिन प्रशिक्षणाला गेलेला. तिसऱ्या तारखेला फाइल सापडेना. प्रत्येक वेळी ‘पुढची तारीख’ एवढंच ऐकून परत. काकांनी मात्र एकही तारीख चुकवायची नव्हती. चुकवली की भट्टी आपोआप सरकारची. तिकडचे चारदा चुकले तर पुढची तारीख, इकडचा एकदा चुकला की निकाल. याला ते न्याय म्हणतात आणि भिंतीवर झेंडा लावतात. काकांचे शनिवार आता रिकामे होते. साठवलेलं संपलं, मग आयझोला तिच्या फ्रीजमधलं त्यांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवू लागली आणि वर म्हणायची, जास्त झालं होतं.

जुलैमध्ये शेरीफच्या कचेरीची वार्षिक सहल काउंटीच्या मैदानावर भरली. काका पोस्टातून येताना कुंपणापाशी थांबले. त्यांना आधी वास आला. रॉकेलसारख्या तेलाचा वास, कोळसा भडकवायला ओततात त्याचा. मग भट्टी दिसली. तिच्या झाकणावर शेरीफचा पिवळा तारा चिकटवला होता. चौतीस वर्षांत तिच्या पोटात तेलाचा थेंब गेला नव्हता. चरबीनं धरलेला आतला काळा चकचकीत थर शेरीफच्या माणसांनी साबणानं खरवडून काढलेला, आणि उघड्या पत्र्यावर गंज चढलेला. चार जण हातात चिमटे घेऊन उभे होते आणि सॉसेज करपवत होते. हार्बिननं काकांना पाहिलं आणि खुशाल हात हलवला.

“मिस्टर रेनी, या की! एक खाऊन जा.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त किळसवाणं. चोराला निदान ठाऊक असतं की आपण चोरी केली. काका वळले आणि घराच्या रस्त्याला लागले.

पाचव्या तारखेला सगळे हजर होते. सरकारी वकील व्हिटली नावाचा, तिशीतला, नम्र, दर वाक्याला ‘सर’ म्हणणारा. भट्टी निर्दोष आहे हे सरकारनं नव्हे, काकांनी सिद्ध करायचं होतं. म्हणजे आपण गुन्ह्यात नव्हतो आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, असं.

“सर, मार्कस पेटवे भट्टी न्यायला आला तेव्हा गाडीत काय आहे, असं तुम्ही विचारलंत?”

“त्याच्या घरी माणूस गेलं होतं.”

“हो, त्याचं मला दुःख आहे, सर. पण विचारलंत का?”

“आमच्यात नाही विचारत.”

“म्हणजे नाही.”

“नाही.”

“कुठून जाणार, गाडी कोण चालवणार, परवाना आहे का?”

“नाही विचारलं.”

“मागचा दिवा चालतो का, एवढं तरी तपासलंत?”

दिवा बंद होता हे त्यांना माहीत होतं. गेल्या मार्चपासून माहीत होतं.

व्हिटलीनं वहीत काहीतरी लिहिलं. चौतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी गाव क्लिओकाकांचं नाव घेत होतं, तिला त्या खोलीत ‘हलगर्जीपणा’ असा शब्द मिळाला. न्यायाधीशबाईंनी जेवणाची सुट्टी केली आणि म्हणाल्या, दोघांनी बाहेर बसून काही जमतंय का बघा.

बाहेरच्या बाकावर व्हिटली काकांशेजारी बसला. “सर, खरं सांगू? तुम्ही हरणार. पण मला तुमची भट्टी नकोय. कुणालाच नकोय. एक करार आहे, सही करा, आज संध्याकाळी घेऊन जा.”

करार एक पानी होता. ठेवण्याचा खर्च म्हणून सहाशे डॉलर. आणि एक अट: मालक सदर भट्टी कोणत्याही व्यक्तीला, नातेवाइकाला, शेजाऱ्याला वा चर्चच्या मंडळीला, कोणत्याही कारणासाठी वापरायला देणार नाही. दिल्यास ती सुनावणीशिवाय कायमची जप्त होईल.

“कोणत्याही कारणासाठी?”

“हो, सर.”

“मयतालाही नाही?”

व्हिटली जरा अवघडला, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. “तसं वेगळं लिहिता येत नाही. तुम्ही स्वतः जाऊन स्वयंपाक करून द्या की.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. परक्या घरच्या दुःखाच्या चुलीपाशी आपण जाऊन बसायचं, आणि त्या घरच्या मुलांनी हातात ताटं घेऊन रांगेत उभं राहायचं. हे त्याला समजावून सांगायला काकांकडे शब्द नव्हते, आणि असते तरी त्यांनी ते खर्च केले नसते. त्यांना आयझोलाचा फ्रीज आठवला. त्यांनी सही केली. करताना मनाशी म्हणाले, कागद कागदाच्या जागी. वेळ आली की देईनच. कोण बघायला येणार आहे!

सहाशे डॉलर चर्चमधल्या सहा जणांनी भरले. भट्टी घरी आली. काकांनी तारा खरवडून काढला, गंज घासला, डुकराची चरबी चोळून दहा दिवस मंद आच दिली. मागचा दिवाही नवा बसवला. शनिवार पुन्हा सुरू झाले. आयझोलानं मात्र रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना तो करार पाठ म्हणून दाखवला, शेरीफला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत. भावाचं भलं करतेय असंच तिला वाटत होतं.

ऑक्टोबरात थॅडियस स्टोक्स गेला. काकांच्या बरोबरीचा, दोघांनी एकाच दिवशी कारखान्यात नाव घातलं होतं. सकाळी बातमी आली तशी काकांनी भट्टी अंगणात ओढली, चाकांत हवा भरली, हिकरीची मोळी वर ठेवली आणि पायरीवर बसले. थॅडियसला दोन मुलगे. अकरापर्यंत येतील. अकरा वाजले. बारा वाजले. थोरल्याची पिकअप रस्त्यानं आली, काकांच्या घरासमोर हळू झाली आणि पुढे गेली. रस्त्याच्या टोकाला शेरीफची गाडी उभी होती. ती तिथं नेहमीच उभी असते. काका तिच्याकडे बघत बसले. दोन वाजले तेव्हा त्यांनी मोळी उतरवली आणि भट्टी मागे ढकलून दिली.

दफनानंतर काका थॅडियसच्या घरी गेले. अंगणात चूल नव्हती. थॅडियसचे दोघे मुलगे खिशात हात घालून नुसते उभे होते, आपण कुठे उभं राहावं हेही त्यांना कळत नव्हतं. ओट्यावर तळलेल्या कोंबडीचे पुठ्ठ्याचे डबे मांडलेले, हायवेवरच्या दुकानातून आणलेले. थॅडियसच्या बायकोनं, व्हर्डेलनं, स्वतःच्या हातानं काकांना ताट वाढलं. शाळेत ती त्यांच्या वर्गात होती.

“खा, क्लिओ. गार झालंय जरा.”

“मी वाट बघत होतो, व्हर्डेल. भट्टी काढून ठेवली होती.”

“माहितीये रे. थोरल्यानं पाहिली. मीच म्हटलं, जाऊ नका.” तिनं त्यांचा हात थोपटला. नवऱ्याला पुरून तीन तास झालेली बाई त्यांची समजूत घालत होती. “तू दिलीच असतीस. आणि मग ते पुन्हा उचलून नेतील. तुला नाही म्हणायची पाळी का आणायची, सांग?”

काकांनी मान हलवली. शेरीफ, व्हिटली, तो कागद, कुणाचाही त्यांना त्या क्षणी राग आला नाही. व्हर्डेल समोर उभी होती आणि तिच्याकडे त्यांना पाहवत नव्हतं, कारण दुपारी दोन वाजता, पिकअप आता येत नाही हे पक्कं झालं तेव्हा, त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.