निर्माल्य आणि बोटीतला गारवा

गेल्या ग्रीष्मात जालन्यात आमच्या सौभाग्यवतींना घेरी आली. यांना उष्म्यात ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावले; म्हणून मस्तगडातील घराला कुलूप लावून आम्ही मुलाकडे गेलो. तो गोव्याच्या खाडीत, धक्क्याला बांधलेल्या शिडाच्या बोटीवरच राहतो. बोटीत एसी आहे, आई दिवसभर गारव्यात राहील, असा त्याने शब्द दिला होता.

तो गारवा मोठा मानी निघाला. धक्क्यावरून येणारी वीज अशक्त. चहाचे आधण ठेवायचे तर एसी बंद. एसी लावायचा तर छताची झडप बंद. मग सूर्यबिंब दिसेना, अर्घ्य अनुमानाने द्यावे लागे. हेही सोसले असते. परंतु ऐन माध्यान्ही ते यंत्र घरघर करून थांबे आणि ती एवढीशी खोली तव्यासारखी तापे. सौभाग्यवती ओल्या पंच्याने मान पुसत बसत. मी पुठ्ठ्याने वारा घालीत जप करी. तो मध्येच तुटे, कारण कान त्यांच्या श्वासाकडे लागलेले.

समुद्राचे पाणी आत ओढून ते यंत्र थंड ठेवतात. वाटेतली गाळणी तुंबली की सारे ठप्प. मुलगा रोज फळी उचलून ती धुई. "शेवाळ असंल, बाबा," म्हणे. एके दिवशी त्याने गाळणी माझ्यापुढे धरली. आत झेंडूच्या पाकळ्या आणि दूर्वांची जुडी.

"बाबा, फुलं कुठं टाकून राह्यले तुम्ही?"

"टाकत नाही. पूजेनंतर निर्माल्य पाण्यात विसर्जित करतो."

"बराबर एसीच्या तोंडात!"

घामाघूम सौभाग्यवती हसल्या. "गणपतीच्या दूर्वा त्या. तुझ्या मशिनीला प्रसाद मिळाला, मंग काय झालं?"

"पचला न्हाई ना तिला, आई!"

मी म्हणालो, "दुसऱ्या अंगाने सोडतो."

"भरती परत आणंल. पिशवीत ठेवा."

देवाला वाहिलेले पिशवीत कोंबायचे! जालन्यात आम्ही टँकरची वाट पाहतो, तरी निर्माल्याला अंगणातल्या तुळशीची माती मिळते. येथे चहूकडे पाणी, आणि एक पाकळी सोडायला जागा नाही. मी बरेच बोलणार होतो. तेवढ्यात गाळणी बसली, यंत्र सुरू झाले, आणि सौभाग्यवतींनी डोळे मिटले. मी पिशवी मागून घेतली.

त्यानंतर रोज ऊन कलले की पिशवी घेऊन मी निघे. धक्का सगळा सिमेंटचा. माती मिळे ती पार बाजारापलीकडे, एका वडाखाली. तेथे निर्माल्य ठेवून, हात जोडून, चरफडत परत येई. येईतो सौभाग्यवतींना झोप लागलेली असे. दार उघडले की गारवा निघून जातो, म्हणून त्या जाग्या होईपर्यंत मी बाहेरच, बोटीच्या तापलेल्या फळ्यांवर, रिकामी पिशवी धरून उभा राही.