भुंडीचं शेपूट

माझ्या वडिलांच्या डोक्यावर केस नव्हते. तिशीतच टक्कल पडलं आणि उरलेलं आयुष्य त्यांनी घोड्यांचे केस वाढवण्यात घालवलं. आत्या म्हणायची, "स्वतःच्या शेतात काडी नाही आणि हा लोकांच्या बागा शिंपतोय." बाबा नुसते हसायचे. त्यांना राग म्हणून यायचाच नाही. त्यांच्या वाट्याचा सगळा माझ्याकडे आला असावा.

बाबा मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. शहराच्या कडेला एक तबेला होता, चौदा घोडे आणि सहा बग्ग्या. सकाळी मुलं घोड्यावर बसायला शिकायची, संध्याकाळी बग्ग्या भाड्याने जायच्या. वैरणीच्या कोठारावरच्या दोन खोल्या मालकांनी आम्हाला राहायला दिल्या होत्या. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून आत्या आमच्याकडे आली ती आमचीच झाली. पण माझी वेणी मात्र बाबाच घालायचे. त्यांना एकाच प्रकारची वेणी यायची, घट्ट आणि चपटी, शेपटाला घालतात तशी. शाळेत मुली म्हणायच्या, आता हिच्यावर खोगीर तेवढं चढवायचं राहिलंय. घरी येऊन मी आदळआपट करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यापुढेच पाठ करून बसायची.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा मालकांनी लिलावात चार घोडे एकदम घेतले. त्यातली एक काळी घोडी, पाच वर्षांची. आधीच्या कुणीतरी तिची आयाळ मुळापासून भादरली होती, आणि शेपूट वीतभर ठेवलं होतं, लगाम त्यात अडकू नये म्हणून. गाडीवाल्यांत असं करणारे असतात. आल्या दिवसापासून तिला सगळे भुंडीच म्हणू लागले.

मालक वाईट नव्हते, पण धंद्याचे होते. ते बाबांना म्हणाले, "हिचे नुसते केस कापलेत की हाड कापलंय, ते बघून सांगा. गाडीत बसणाऱ्याला घोड्याचं तोंड दिसत नाही हो, तासभर शेपूटच बघायचं असतं त्याला. हाड कापलं असेल तर ठेवून उपयोग नाही. उद्याच काढून टाकू." काढून टाकू म्हणजे कुठे, ते तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. असल्या घोड्यांना एकच गिऱ्हाईक असतं, आणि त्याला केसांशी देणंघेणं नसतं, मांस-कातड्याशी असतं.

बाबांनी शेपटाच्या टोकाला बोटं लावली. हाड अर्ध्यातच संपलं होतं, टोकाला गाठीसारखा व्रण होता. ते शेपूट आता जन्मात वाढणार नव्हतं. त्याच वेळी तिच्या बरगडीवर दोन माश्या बसल्या आणि ती तेवढाच तुकडा हलवायला लागली. तो माश्यांपर्यंत पोचत नव्हता, तरी ती हलवतच राहिली.

"केसच कापलेत, मालक," बाबा म्हणाले. "वाढतील. चार-पाच वर्षं लागतील."

मालकांनी पुन्हा विचारलं नाही. बाबांच्या बोटांनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझ्या माहितीत बाबा तोवर कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नसेल. पण ऐकणाऱ्याचा विश्वास असला की वाईट खोटंही खपतं.

आयाळीचं काम खरं होतं. ती मुळातून फुटली तेव्हा भांडी घासायच्या ब्रशासारखी ताठ उभी राहिली. बाबा रोज सकाळी ती ओली करायचे, बोटांनी एका बाजूला वळवायचे आणि बारीक बारीक वेण्या घालून मानेवर बसवायचे. फणी लावायचीच झाली तर खालून वर, टोकाकडून मुळाकडे. केस तुटला तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणाचं बोट तुटलंय. महिन्याला जेमतेम बोटाच्या रुंदीएवढी वाढ. दोन वर्षांनी ती आयाळ डाव्या खांद्यावर पाण्यासारखी पडायला लागली आणि बघणारे थांबून बघायला लागले.

शेपटाचं काय? उरलेल्या तुकड्यावर केस आले, पण विरळ, फार तर दीड वीत लोंबतील इतके. बाकीचं बाबांनी केलं. तबेल्यातल्या प्रत्येक काळ्या घोड्याच्या फणीत निघालेले केस ते पिशवीत भरून घरी आणायचे. साबणाने धुवायचे, वाळवायचे, लांबीप्रमाणे लावायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि त्या जुड्या चामड्याच्या नाजूक वादीवर ओवायच्या. तबेला सुरू व्हायच्या आधी ते भुंडीच्या खऱ्या केसांच्या बारीक वेण्या घालायचे आणि त्यात ती वादी गाठींनी बसवायचे. बाहेरून काही म्हणता काही कळायचं नाही. दर आठवड्याला सगळं सोडायचं, कातडी पुसून तेल लावायचं, दिवसभर वारा लागू द्यायचा. त्या दिवशी शेपटाला कापडी पिशवी चढवलेली असायची, आणि मालकांना वाटायचं, केस जपतायत. सोडलं नाही तर खालची कातडी सडते.

यात सगळ्यात कठीण गोष्ट निराळीच होती. शेपूट एकदम लांब होऊन चालणार नव्हतं. म्हणून बाबा दर महिन्याला नव्या जुड्या ओवायचे, आधीच्यापेक्षा बोटाच्या रुंदीएवढ्या लांब. मालकांना तर नादच लागला. ते महिन्याच्या पहिल्या तारखेला भुंडीच्या पागेत येऊन दाराच्या खांबावर खडूने खूण करायचे, लोक पोरांची उंची मोजतात तशी. येईल त्याला दाखवायचे. "बघा, आमच्या मोतद्दारांचा हात!" बाबा खाली मान घालून खरारा करत राहायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

घरात केसच केस. अंथरुणात केस, पाण्याच्या तांब्यात केस. आत्या घास तोंडात घालायच्या आधी उजेडाकडे धरून बघायची. एकदा ती म्हणाली, "अरे, एवढ्या केसांत तुझ्या डोक्याला एक टोप झाला असता." मी लांबीप्रमाणे केस लावून द्यायची, म्हणजे लबाडीत माझाही वाटा होता. तरी मला त्या घोडीचा राग यायचा, खरं सांगते. उन्हाळ्यात भर दुपारी सगळे मोतद्दार जेवून सावलीत आडवे व्हायचे, आणि बाबा ओलं फडकं घेऊन तिच्यामागे उभे. लावलेलं शेपूट दिसायला रुबाबदार, पण माशी मारायला कुचकामी. तेवढा तुकडा त्याचं वजन उचलून फटका मारू शकत नव्हता. मी वरून हाका मारायची, ताट निवतंय म्हणून. ते हात वर करून थांब म्हणायचे. ताट निवायचं आणि मी चिडून झाकण आपटायची.

पाच वर्षं अशी गेली. मी एका शिंप्याकडे काज-बटणाच्या कामाला लागले. भुंडीला आता नवी माणसं भुंडी का म्हणतात ते कळेनासं झालं होतं.

आणि मग लांबच्या शहरातला एक बग्गीवाला ठेकेदार आला. त्याच्याकडे एक काळी घोडी होती, तिला जोड हवी होती. त्याने भुंडीला बग्गीला जोडलेली बघितली, मागून बघितली आणि तिथेच सौदा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन जाणार होता. मालक स्वतः जिना चढून आमच्याकडे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "शेपटाने मन जिंकलं त्याचं! हे श्रेय तुमचं," म्हणाले. बाबांनी पुडा घेतला आणि हातातच धरून उभे राहिले.

मालक गेल्यावर आत्या म्हणाली, "सुटलास बाबा एकदाचा. ती जाईल, तिच्याबरोबर हेही जाईल. तोंडाला कुलूप लाव."

"ठेकेदाराच्या माणसांना ठाऊक नाही ते शेपूट सोडायचं असतं म्हणून," बाबा म्हणाले. "पंधरा दिवसांत कातडी सडेल. मग त्यांना कळेल. कळल्यावर ते काय करतील?"

"ते त्यांचं ते बघतील."

"ते तिला काढून टाकतील, ताई."

"आणि तू बोललास तर मालक तुला काढून टाकतील! चौपन्न वर्षांचा आहेस. ही खोली त्यांची, ही चूल त्यांची. पोरीला घेऊन कुठे जाशील? एका घोडीसाठी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेशील?"

मी आत्याच्या बाजूने होते. मी म्हणाले, "बाबा, पुरे झालं आता तिचं. आमचं बघा थोडं." हे वाक्य मी बोलले होते, ते मी लपवणार नाही.  बाबांनी मला वेणी घालायला बसवलं. एकोणीस वर्षांच्या मुलीची वेणी, संध्याकाळी, कारण नसताना. हात नेहमीसारखेच घट्ट चालले होते.

सकाळी ठेकेदार आला. मी जिन्यावर उभी होते. अंगणात मालक, ठेकेदार, त्याचा गाडीवान आणि आमचे सगळे मोतद्दार. बाबांनी भुंडीला बाहेर आणलं, एक ठेंगणं स्टूल आणलं आणि तिच्या मागे बसले. सगळ्यांना वाटलं, शेवटची फणी करतायत. त्यांनी पहिली गाठ सोडली. मग दुसरी. गाठी चाळीसच्या आसपास होत्या, आणि त्यांनी एकही ओढून तोडली नाही. तिला दुखलं असतं. मधेच मालकांनी "हे काय चाललंय?" असं विचारलं. बाबा म्हणाले, "जरा थांबा मालक, होतच आलंय." सगळे थांबले. शेवटी ते लांबलचक काळं शेपूट वादीसकट त्यांच्या हातात आलं. ते त्यांनी स्टुलावर ठेवलं आणि बाजूला झाले. भुंडीने उरलेला तुकडा झटकला. हलकं वाटलं असेल तिला.

"हिचं हाड कापलेलं आहे," बाबा म्हणाले. "आली तेव्हापासून. मला पहिल्या दिवशी कळलं होतं."

ठेकेदार आधी हसला, मग शिव्या देत निघून गेला. मालक स्टुलाकडे बघत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळूच म्हणाले, "खांबावर मी खुणा करत होतो. दर महिन्याला. लोकांना बोलावून दाखवत होतो."

"हो, मालक."

"त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर मी हिला विकली असती."

"हो."

"म्हणजे तुमचं बरोबर होतं?"

"नाही, मालक. खोटं ते खोटंच. पण तिला ठेवा. मुलं तिच्यावर न घाबरता बसतात. तबेल्यात तिच्याइतकी शांत दुसरी नाही."

मालकांनी बराच वेळ भुंडीच्या मानेवर हात ठेवला, त्या खऱ्या आयाळीवर. मग म्हणाले, "घोडी राहील. तुम्ही नाही. आठवड्यात खोली मोकळी करा. आणि पुन्हा या फाटकाच्या आत यायचं नाही, हिला हात लावायचा नाही. तुमचं तोंड बघितलं की मला त्या खुणा आठवतील." मालकांचा मला तेव्हा भयंकर संताप आला होता. आज येत नाही. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्याने पाच वर्षं फसवलं, तर मीही तेच बोलले असते.

आम्ही दोन गल्ल्या पलीकडे एक खोली घेतली. बाबांना ब्रशच्या कारखान्यात काम मिळालं, केस लांबीप्रमाणे लावायचं. मालक शब्दाला जागले. भुंडी तिथेच राहिली, मुलांना शिकवत. दुपारी तिच्यावर जाळीचं कापड घालतात, असं जुने मोतद्दार येऊन सांगायचे. बाबा ऐकून मान हलवायचे, एवढंच.

बाजार तबेल्यावरून गेलं तर पाच मिनिटांवर होता. बाबा मात्र रेल्वेच्या पुलावरून वळसा घालून जायचे, अर्ध्या तासाच्या वाटेने, उन्हात, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. एकदा माझा संयम सुटला. मी म्हणाले, "फाटकाच्या आत येऊ नका म्हणालेत ते. रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही. बाहेरून निदान बघून तरी याल तिला!"

बाबांनी पिशव्या खाली ठेवल्या. "मी दिसलो की ती हाक मारणार," ते म्हणाले. "मला ओ देता येणार नाही. तिला काय वाटेल गं?"

मी एक पिशवी उचलली. भुंडी त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि अकरा वर्षं आम्ही पुलावरूनच गेलो.